कमोडोर ६४ वर सी शिकायचंय? आधी कामांचा क्रम लावा

जुना कमोडोर ६४ (१९८० च्या दशकातला घरगुती संगणक) हाती आला, सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची इच्छाही आहे, आणि आठवड्याभरात दोन्ही गोष्टी कपाटात जातात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. शिकणारा तीन नवीन गोष्टींना एकदम हात घालतो: नवी भाषा, नवं यंत्र, आणि प्रोग्राम त्या यंत्रापर्यंत पोचवायची नवी वाट. स्क्रीनवर काही दिसलं नाही की चूक या तिन्हींपैकी कुठे आहे ते कळत नाही. मग तो कोड बदलतो, केबल बदलतो, फ्लॉपी बदलतो आणि सगळाच गुंता होतो.

पुढचे टप्पे एका वेळी एकच नवी गोष्ट येईल असे लावले आहेत. खरं यंत्र यात सर्वांत शेवटी येतं. ते जड जाईल, पण तसंच करा.

एक सोय: कमांड, फाइली आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत करायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

हाताशी काय हवं

रोजच्या वापरातला कोणताही संगणक, साध्या मजकुराचा एडिटर, सीसी६५ हा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला कळेल असा करणारा प्रोग्राम) आणि व्हाइस हा एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल चालवणारा प्रोग्राम). दोन्ही मोफत मिळतात. शिवाय एक वही. वही खरोखर लागते, कारण मेमरीचे पत्ते आणि रंगांचे क्रमांक वारंवार पाहावे लागतात.

कमोडोर ६४ वरच चालणारे सी कंपायलर त्या काळी निघाले होते. पॉवर सी हा त्यातला एक. सुरुवात त्याने करू नका. एडिटर, कंपायलर आणि लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) असे आळीपाळीने फ्लॉपीवरून चढवत बसावं लागतं, आणि एका सेमीकोलनच्या चुकीसाठी कित्येक मिनिटं जातात. नवशिक्याला दिवसाला पन्नास चुका करायची मुभा हवी. ती आधुनिक संगणकावर मिळते.

टप्पा १: यंत्राची तब्येत पाहा आणि ते बाजूला ठेवा

खरं यंत्र जवळ असेल तर पहिली चौकशी वीजपुरवठ्याची करा. कमोडोर ६४ ला दोन प्रकारची वीज लागते: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. मूळ पॉवर सप्लाय आतून ओतीव रसायनाने बंद केलेले असतात. जुने झाले की ५ व्होल्टची बाजू वर चढू लागते आणि मेमरीच्या चिप जळतात. मल्टिमीटरवर ५.२५ च्या वर आकडा दिसला तर तो सप्लाय पुन्हा लावायचा नाही.

सावधान: आज आकडा बरोबर आला म्हणजे उद्याही येईल असं नाही. तापल्यावर बिघडणारे सप्लाय असतात. जादा व्होल्टेज आलं की स्वतःहून तोडणारा नवा सप्लाय घ्या आणि मूळ ठोकळा आठवण म्हणून ठेवा.

दुसरी शिस्त: जॉयस्टिक किंवा कोणतीही केबल काढता-घालताना यंत्र बंद हवं. ड्राइव्ह चालू किंवा बंद करताना आत फ्लॉपी नको. एवढं झालं की यंत्रावर कापड घाला. ते पुन्हा टप्पा ९ ला लागेल.

टप्पा २: कंपायलर आणि एम्युलेटर बसवा

सीसी६५ बसवल्यावर कमांड लाइनवर सीएल६५ --व्हर्जन असं द्या. आवृत्तीचा क्रमांक आला तर पुढे जा. "कमांड सापडली नाही" असं आलं, तर प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे तो पाथमध्ये (संगणक कमांड जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) जोडायचा राहिला आहे.

व्हाइसमध्ये बरेच प्रोग्राम येतात. आपल्याला एक्स६४एससी हवा. तो उघडल्यावर फिकट निळ्या चौकटीत निळा स्क्रीन, वर ३८९११ बेसिक बाइट मोकळे असल्याची ओळ आणि खाली "रेडी" दिसायला हवं. काही लिनक्स पॅकेजांत यंत्राच्या रॉम फाइली (त्याच्या कायमच्या मेमरीतला मजकूर) नसतात, त्यामुळे एम्युलेटर उघडताच तक्रार करतो. त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

एम्युलेटरच्या कीबोर्डची मांडणी दोन प्रकारची असते. एकीत तुमच्या कळीवर जे छापलंय तेच उमटतं, दुसरीत मूळ यंत्रावरच्या जागेप्रमाणे उमटतं. दुसरी निवडली असेल तर अवतरण चिन्ह शिफ्ट आणि २ वर मिळेल. शेवटी खऱ्या यंत्रावर बसायचंच आहे, त्यामुळे माझा कौल दुसरीला. पण पहिल्या दिवशी पहिलीच राहू द्या.

तपासा: ऑल्ट आणि डब्ल्यू दाबलं की एम्युलेटर पूर्ण वेगाने पळतो. लोड करताना ते सोयीचं. मात्र नंतर बंद करायला विसरलात तर तुमच्या प्रोग्रामच्या वेगाबद्दलचे सगळे अंदाज चुकतील.

टप्पा ३: दहा मिनिटं बेसिकमध्ये

सी शिकायला आलो आणि बेसिक (यंत्रात आधीपासूनच असलेली सोपी भाषा) कशाला, असं वाटेल. पण पॉइंटर नावाची जी गोष्ट पुढे सगळ्यांना अडवते, ती इथे फुकटात कळते.

एम्युलेटरमध्ये पोक ५३२८०,० असं टाइप करून रिटर्न दाबा. चौकट काळी होते. ५३२८० हा मेमरीतला एक पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावर चौकटीच्या रंगाचा क्रमांक राहतो. पार्श्वभूमीचा रंग शेजारी, ५३२८१ वर. रंग सोळा, क्रमांक ० ते १५: ० काळा, १ पांढरा, २ लाल, ६ निळा, १४ फिकट निळा.

आता उलटं करा. यंत्र नव्याने सुरू करा आणि प्रिंट पीक(५३२८०) द्या. चौकट फिकट निळी, म्हणजे १४ यायला हवं. येतं २५४. यंत्र बिघडलेलं नाही. रंगाला चारच बिट (० किंवा १ ची घरं) लागतात. वरचे चार बिट जोडलेले नाहीत आणि ते वाचताना १ दिसतात, म्हणून १४ मध्ये २४० मिळवले जातात. खरा रंग हवा तर उत्तराला अँड १५ लावायचं. सी मध्ये हेच काम अँपरसँड करतो.

पत्ता, त्या पत्त्यावरची किंमत, आणि किंमत वाचताना नको ते बिट झाकणं. या तीन गोष्टी हाताने करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ४: पहिला प्रोग्राम

एडिटरमध्ये पहिला.सी नावाची फाइल करा. वर एसटीडीआयओ हेडर (तयार फंक्शनांची ओळख करून देणारी फाइल) घ्या, मेन फंक्शनमध्ये प्रिंटएफने एक ओळ छापा, शेवटी रिटर्न ०. मग कमांड:

सीएल६५ -टी सी६४ -ओ पहिला.पीआरजी पहिला.सी

-टी नंतर कोणत्या यंत्रासाठी ते येतं, -ओ नंतर तयार होणाऱ्या फाइलचं नाव, आणि शेवटी मूळ फाइल. तयार झालेली पीआरजी फाइल (कमोडोरवर चालणारा प्रोग्राम) एम्युलेटरच्या खिडकीवर ओढून टाका. ती आपोआप चढते आणि चालते.

इथे होणाऱ्या चुका अगदी ठरलेल्या आहेत:

– सीएल६५ ऐवजी सीसी६५ चालवणं. मग पीआरजी मिळत नाही, एस विस्ताराची असेंब्ली फाइल (यंत्राच्या सूचना शब्दांत लिहिलेली) मिळते. सीसी६५ फक्त भाषांतर करतो. सीएल६५ भाषांतर, असेंब्ली आणि जोडणी तिन्ही कामं करून घेतो.

– छोट्या ओ च्या जागी मोठा ओ. छोटा ओ म्हणजे आउटपुटचं नाव, मोठा ओ म्हणजे कोड घोटून लहान आणि वेगवान करणं. मोठ्या ओ ची वेळ टप्पा ८ ला येईल.

– वर्ड प्रोसेसरमधून कोड चिकटवणं. तो सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं घालतो, आणि कंपायलर न समजणाऱ्या अक्षराबद्दल तक्रार करतो.

– व्हेरिएबल फंक्शनच्या मध्येच जाहीर करणं. आजच्या धड्यांत सर्रास तसं दिसतं. इथे ब्लॉकच्या (महिरपी कंसांतल्या भागाच्या) सुरुवातीला सगळी व्हेरिएबल, मग बाकीचा कोड, असाच क्रम ठेवा.

तपासा: ओळ छापून झाल्यावर "रेडी" परत दिसलं पाहिजे. तसं झालं की वाहतूक व्यवस्थित आहे. इथून पुढे काही बिघडलं तर दोष कोडचा, हे नक्की.

टप्पा ५: आकडे किती मोठे, हे आधी शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आजच्या संगणकावरचा धडा इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण इथे इंट (पूर्ण आकडा ठेवायचा प्रकार) फक्त १६ बिटांचा आहे. तो उणे ३२७६८ ते ३२७६७ इतकंच धरतो. अनसाइन्ड (ऋण आकडे न धरणारा) केला तर ० ते ६५५३५. कॅर ८ बिटांचा, आणि सीसी६५ त्याला मुळातच अनसाइन्ड धरतो: ० ते २५५. लाँग ३२ बिटांचा. फ्लोट नाही. दशांश लिहिलात तर कंपायलर तिथेच थांबवतो.

हे वाचून पटतं, पण हाताला वळण लागत नाही. म्हणून हा प्रयोग करा. ए आणि बी हे दोन इंट, दोन्हींत २००. गुणाकार प्रिंटएफने टक्के-डी वापरून छापा. ४०००० च्या जागी उणे २५५३६ येईल. ४०००० इंटमध्ये मावत नाही, आणि त्यातून ६५५३६ वजा केले की हेच उरतं.

आता पुढची पायरी, जिथे शिकलेलेही घसरतात. उत्तर ठेवायला लाँग घेतला, गुणाकार तसाच ठेवला आणि टक्के-एलडीने छापला, तरी उणे २५५३६ च. कारण गुणाकार इंटमध्ये झाला, सांडायचं ते सांडलं, आणि उरलेलं मोठ्या भांड्यात ओतलं गेलं. गुणाकाराच्या आधी ए ला लाँगचा कास्ट (किंमतीचा प्रकार बदलायची खूण) लावा. मग ४०००० येतील.

दशांशाची गरज खरी असेल तर आकडा दहापट करून ठेवा. ३६.५ साठी ३६५. छापताना दहाने भागून आलेला भागाकार, मग टिंब, मग बाकी. ऋण आकड्यांत बाकीही ऋण येते, तेवढं सांभाळा.

सावधान: लूपचा मोजणारा कॅर घेतला आणि अट "२५६ पेक्षा लहान असेपर्यंत" अशी लिहिली, तर लूप कधीच संपत नाही. २५५ नंतर मोजणारा ० वर येतो आणि अट कायम खरी राहते. यंत्र गोठल्यासारखं दिसतं. पहिला संशय नेहमी मोजणाऱ्यावर घ्या.

टप्पा ६: स्क्रीनवर थेट लिहा

स्क्रीन ४० स्तंभ आणि २५ ओळींचा, म्हणजे १००० घरं. पहिलं घर १०२४ या पत्त्यावर. घराचा पत्ता म्हणजे १०२४ अधिक ओळ गुणिले ४० अधिक स्तंभ, दोन्ही शून्यापासून मोजायचे. प्रत्येक घराच्या अक्षराचा रंग वेगळ्या जागी असतो, ५५२९६ पासून त्याच क्रमाने.

पीकपोक हेडर घेतलं की सी मध्येही पोक हा शब्द मिळतो, फक्त तिथे तो मोठ्या अक्षरांत लिहायचा. आधी त्याने करा. मग तेच काम अनसाइन्ड कॅरच्या पॉइंटरने करा: पॉइंटरला १०२४ द्या आणि चौकटी कंसात घराचा क्रमांक लिहून किंमत ठेवा. टप्पा ३ मध्ये केलं तेच हे. पॉइंटर म्हणजे पत्ता ठेवलेलं व्हेरिएबल.

सगळा स्क्रीन एकाच चिन्हाने भरायचा प्रोग्राम लिहा. बहुतेकांचा पहिला प्रयत्न असा दिसतो: वरच्या सहा ओळी पूर्ण, सातव्या ओळीत सोळा घरं, आणि तिथेच अडकलेलं. २५६ म्हणजे सहा गुणिले चाळीस अधिक सोळा. मोजणारा कॅर होता. स्क्रीनवरचं चित्रच चूक कुठे आहे ते सांगतंय, ते वाचायला शिका.

दुसरा धक्का अक्षरांचा. स्क्रीनच्या मेमरीतले क्रमांक आणि छापायच्या अक्षरांचे क्रमांक या यंत्रात वेगळे आहेत. सीसी६५ चा प्रोग्राम सुरू होताना लहान-मोठ्या अक्षरांचा संच लावला जातो. त्यात स्क्रीनवर १ ठेवला की छोटा ए दिसतो, ६५ ठेवला की मोठा. पण कोडमध्ये एकेरी अवतरणात छोटा ए लिहिला तर कंपायलर त्याचा ६५ करतो, म्हणून थेट स्क्रीनवर ठेवल्यावर मोठा ए उमटतो. मोठा ए लिहिला तर १९३ होतो आणि मोठा ए उलट्या रंगात दिसतो. प्रिंटएफ हे रूपांतर स्वतः करतं. थेट लिहिताना ती जबाबदारी तुमची.

तपासा: काहीच दिसत नसेल तर रंगाच्या मेमरीत पार्श्वभूमीचाच रंग बसलेला असू शकतो. ५५२९६ पासून १००० घरांत १ भरा आणि पुन्हा पाहा.

सावधान: या यंत्रात मेमरीला राखणदार नाही. ॲरेच्या (ओळीने ठेवलेल्या किमतींच्या) बाहेर लिहिलंत तर कुणी अडवत नाही. जे तिथे होतं ते पुसलं जातं, आणि परिणाम भलत्याच ठिकाणी दिसतो. एम्युलेटर नव्याने सुरू केला की सगळं पूर्ववत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

टप्पा ७: एक छोटा खेळ पूर्ण करा

१ ते १०० मधला आकडा ओळखायचा खेळ. सात प्रयत्न पुरे पडतात, कारण सात वेळा अर्धं केलं की १२८ शक्यता निकालात निघतात. खेळ साधा आहे, पण त्यात कळ वाचणं, लूप, तुलना आणि यादृच्छिक आकडा असं सगळं येतं.

छापायला आणि कळा वाचायला कॉनआयओ हेडर घ्या. एसटीडीआयओची फंक्शनं यात मिसळू नका. सीप्रिंटएफ वापरताना ओळ संपवायला बॅकस्लॅश-आर आणि बॅकस्लॅश-एन दोन्ही लागतात. नुसतं बॅकस्लॅश-एन दिलं तर कर्सर खाली जातो, पण डावीकडे परतत नाही. मजकूर जिन्यासारखा उतरताना दिसला की हेच झालंय.

आकडा वाचायला स्कॅनएफ नको. ते जागा खातं आणि चुकीचं काही टाइप झालं की नवशिक्याला चक्रावून सोडतं. सीगेटसीने एकेक कळ घ्या. कर्सर लुकलुकायला हवा असेल तर आधी कर्सर(१) म्हणा. अंक असेल तर आधीची किंमत दहाने गुणून त्यात मिळवा, सीएच_एंटर आलं की थांबा. हे नाव कोडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहायचं. तीन अंकांपुढे घेऊ नका.

ही किंमत कॅरमध्ये ठेवण्याची चूक मी केली होती. खेळाडूने ३०० टाइप केलं, आणि प्रोग्रामने "फार मोठा आकडा" म्हणायच्या ऐवजी ४४ समजून पुढे खेळ चालू ठेवला. ३०० मधून २५६ गेले की ४४. ती चूक मला कोडमध्ये सापडली नाही, कागदावर वजाबाकी केली तेव्हा सापडली. किंमत अनसाइन्ड इंटमध्ये ठेवा.

रँड हे फंक्शन दर वेळी त्याच क्रमाने आकडे देतं. त्यासाठी सुरुवातीला "कोणतीही कळ दाबा" असं छापा, आणि केबीहिट (कळ दाबली का ते सांगणारं फंक्शन) शून्य देतंय तोवर एक अनसाइन्ड इंट वाढवत राहा. माणूस कळ नेमक्या त्याच क्षणी कधीच दाबत नाही. तो आकडा एसरँडला (रँडची सुरुवात ठरवणाऱ्या फंक्शनला) द्या. दाबलेली कळ सीगेटसीने वाचून टाका, नाहीतर ती पहिल्या उत्तरात घुसेल.

टप्पा ८: वेग आणि आकार

खेळ बरोबर चालतोय याची खात्री झाल्यावरच इकडे या. यंत्राचा प्रोसेसर साधारण एका मेगाहर्ट्झवर चालतो, त्याची रजिस्टरं ८ बिटांची आहेत आणि त्याला गुणाकाराची सूचनाच नाही. प्रत्येक गुणाकार बेरजा आणि सरकवण्यांतून करावा लागतो. म्हणून ओळ गुणिले ४० वारंवार लागत असेल तर पंचवीस ओळींचे पत्ते एकदाच काढून ॲरेत ठेवा.

बाकीच्या सवयी: २५५ पर्यंतच्या मोजणीला अनसाइन्ड कॅर, ऋण आकडा लागत नसेल तिथे अनसाइन्ड, आणि फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलना शक्य तिथे स्टॅटिक (कायमची ठरलेली जागा). सीसी६५ साधी लोकल व्हेरिएबल सॉफ्टवेअरने सांभाळलेल्या स्टॅकवर (तात्पुरत्या किमतींच्या ढिगावर) ठेवतो, आणि तिथून काढणं महाग पडतं. मोठा ॲरे फंक्शनच्या आत तर नकोच. स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये मात्र स्टॅटिक वापरू नका, आतली हाक बाहेरची किंमत पुसते.

मग मोठा ओ लावून पुन्हा कंपाइल करा, आणि फाइलचा आकार आधी व नंतर वहीत लिहा. वेगासाठी यंत्राचं घड्याळ वापरा, ते सेकंदाला ६० वेळा पुढे सरकतं. एकच लूप आधी इंटने आणि मग अनसाइन्ड कॅरने चालवून फरक मोजा. स्वतः मोजलेला फरक विसरला जात नाही.

टप्पा ९: आता खरं यंत्र

पीआरजी फाइल एका डी६४ डिस्क प्रतिमेत (फ्लॉपीच्या फाइल-रूपातल्या नकलेत) घालायची. व्हाइससोबत येणारा सी१५४१ हा प्रोग्राम ते काम करतो: आधी रिकामी प्रतिमा फॉरमॅट करा, मग फाइल लिहा. लिहिताना डिस्कवरचं नाव वेगळं द्या, नाहीतर .पीआरजी हा विस्तारही नावाचा भाग होतो. नाव सोळा अक्षरांच्या आत आणि सगळी छोटी अक्षरं. संगणकावरची मोठी अक्षरं तिथे शिफ्टची चिन्हं होऊन बसतात, आणि यादीत दिसणारी फाइल नेहमीसारखं नाव टाइप करून उघडत नाही.

प्रतिमा आधी एम्युलेटरमध्येच आठ क्रमांकाच्या ड्राइव्हला जोडा आणि हाताने लोड करा. ते जमलं की एसडी२आयईसी सारख्या कार्ड-ड्राइव्हवर कॉपी करा. जुनी १५४१ ड्राइव्ह आणि खरी फ्लॉपी वापरायची असेल तर एका डिस्कवर ६६४ ब्लॉक, म्हणजे साधारण १७० किलोबाइट मावतात. ती ड्राइव्ह धीमी आहे. प्रोग्राम चढायला वेळ लागला म्हणजे काही बिघडलं असं नाही.

खऱ्या यंत्रावर लोड, अवतरणात नाव, मग स्वल्पविराम आणि ८. तो ८ विसरलात तर यंत्र कॅसेटची वाट पाहत "प्रेस प्ले ऑन टेप" म्हणत बसेल. रन/स्टॉप दाबा आणि पुन्हा नीट टाइप करा. चढल्यावर लिस्ट देऊन पाहा. सिसने सुरू होणारी एकच बेसिक ओळ दिसायला हवी, तीच तुमच्या सी प्रोग्रामला हाक मारते. कचरा दिसला तर फाइल वाटेत बिघडली आहे, आणि अशा वेळी कोडला हात लावू नका. एम्युलेटरमध्ये तीच डी६४ चालते का ते पाहा, नव्याने कॉपी करा, मग केबल आणि कार्ड तपासा.

लिस्ट बरोबर असेल तर रन.